टिचकी

आबा मेले ते एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, स्वतःच्याच स्वयंपाकघरात, दुसरा चहा पिता पिता. मेले म्हणजे त्यांना तसं काही झालं नव्हतं. रक्तदाब ठीक होता, गुडघे वयाच्या मानाने बरे चालत होते आणि दोन सोडले तर दात सगळे स्वतःचे होते. पण समोर बसलेल्या बाईंच्या वहीत एक जागा रिकामी राहिली होती आणि ती भरायला त्यांना घरातलं एखादं दुःख हवं होतं.

या बाई टीव्हीच्या. चोवीस देशांतून एकेक मूल निवडायचं, परक्या शहरातल्या झगमगत्या रंगमंचावर उभं करायचं, गायला लावायचं आणि अर्ध्या जगाने ते सोफ्यावर बसून बघायचं, अशी ती स्पर्धा होती. या देशाकडून आबांची नात निवडली गेली होती. अकरा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. प्रत्येक मुलाच्या गाण्याआधी त्याच्या आयुष्यावर दीड मिनिटाची फिल्म दाखवतात, आणि त्या फिल्मसाठी घरोघर जाऊन दुःख गोळा करणं हे बाईंचं काम. वीजमीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाच्या तत्परतेने त्या ते करत. आबांनी मनातल्या मनात त्यांचं नाव ठेवलं होतं, दुःखवाली.

दुःखवालीने सगळं विचारून पाहिलं. घरात कुणी आजारी? नाही. गरिबी? भिंगरीची आई पोस्टाच्या काउंटरवर आणि बाप चष्म्याच्या दुकानात, दोघांचं मिळून बरं चाललेलं. शाळेत पोरीला कुणी छळतं का? छळते ती, तक्रारी बाकीच्यांच्या येतात. वडील दारू वगैरे? जावयाने असा चेहरा केला की जणू न पिऊन त्याने घराचं नुकसान केलं. दुःखवालीने सुस्कारा सोडला आणि सांगितलं की एका देशाच्या मुलाचं घर पुरात वाहून गेलंय, एक मुलगी नऊ किलोमीटर चालत गाणं शिकायला जाते, आणि एकाला तर आईच नाही. हे सांगताना तिच्या आवाजात जो हेवा होता तो ऐकून आबांना हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात तिचं लक्ष कपाकडे गेलं.

कप साधाच. पांढरा, कानापाशी थोडा पिवळटलेला, काठाखाली एक निळी रेघ. आबा एकतीस वर्षं कपबश्यांच्या कारखान्यात तपासणीवर होते. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा आणि उजव्या हाताने त्याला टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पेटीत, बद्द वाजला तर कचऱ्यात. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला ऐकू येतो, आणि आबांच्या कानाला तर तो येण्याआधीच ऐकू येतो, असं कारखान्यात म्हणत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी घड्याळ दिलं, ते सहा महिन्यांत बंद पडलं. कप त्यांनी स्वतः निवडून आणला होता, तो अजून वाजत होता.

भिंगरी तीन वर्षांची असताना आबांनी या कपाला टिचकी मारली आणि पोरीने तोच सूर धरून ‘आऽ’ केलं. त्या दिवसापासून घरचा नेम ठरला. गाणं कुठलंही असो, आधी कपाला टिचकी, मग सूर. पेटी नाही, तानपुरा नाही, मोबाइल नाही. पुढे शिकवायला मास्तर आले, तेही या कपापुढे गप्प बसले.

हे सगळं भिंगरीच्या आईने उत्साहाने सांगितलं तेव्हा दुःखवालीचे डोळे लकाकले. तिने कप हातात घेतला, उजेडात फिरवला आणि हळूच विचारलं, “आणि हे आजोबा आता…?”

“हे काय, समोर बसलेत,” आई म्हणाली.

दुःखवालीचा चेहरा पडला. चांगला चाललेला माल ऐन वेळी सदोष निघावा तशी ती आबांकडे बघत राहिली. मग वही मिटून म्हणाली की नातीला कप देणारे आजोबा चोवीसांत सात तरी निघतील, पण नातीला कप ठेवून गेलेले आजोबा, तर ती वेगळी गोष्ट. शेवटच्या आठांत कुणाला बसवायचं, ते लोकांच्या मतांवर असतं, आणि मतं गळ्याला मिळत नाहीत, गळा दाटून आला तर मिळतात. ती काही सुचवत नव्हती. फक्त सांगत होती.

ती गेली. तिसऱ्या दिवशी लेक आबांच्या खोलीत आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि चादरीची नसलेली सुरकुती सारखी करू लागली.

“बाबा, फक्त टीव्हीवर मरायचंय,” ती म्हणाली. “घरात कुठे मरायचंय.”

आबा चिडले नाहीत, हेच त्यांचं चुकलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. वीस वर्षं काचेआड बसून लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारणारी ही बाई. तिच्या पोरीला पहिल्यांदा कुणीतरी काचेपलीकडून हाक मारली होती. नाही म्हणणं सोपं होतं, पण पोर घरी बसली तर खापर त्यांच्या जिवंत डोक्यावर फुटणार होतं. त्यांनी एकच अट घातली. काय दाखवायचं ते दाखवा, पण आजोबा गेले हे पोरीच्या तोंडून वदवायचं नाही. तिला खोटं बोलायला लावलंत तर मी त्या दिवशी रस्त्यावर येऊन माझं नाव ओरडेन.

दुःखवालीने लगेच मान्य केलं. पोरीने बोलायची गरजच नाही म्हणाली, आमच्याकडे व्हायोलिन आहे.

फिल्म झाली. रिकामी खुर्ची, खिडकी, खिडकीतून येणारा उजेड (तो एका माणसाने बाहेर शिडीवर उभं राहून पाडला), कप आणि आबांचा एक काळा-पांढरा केलेला फोटो. फोटो मुळात रंगीत होता आणि त्यात आबा कुणाच्या तरी लग्नात आईस्क्रीम खात होते. चमचा कापून टाकला, म्हणून ते दूर कुठेतरी पाहत आहेत असं वाटत होतं. फिल्म दाखवली गेली तेव्हा आबा शेजारच्या खोलीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. दुसऱ्या दिवशी दाढी करायला गेले तर न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. काल तुमच्यासाठी बायको रडली हो, तो म्हणाला. ताकाला जायचं तर भांडं लपवून चालत नाही, पण इथे भांडं मेलं म्हणून सांगून वर त्यालाच ताक आणायला पाठवण्यातला प्रकार होता. गल्लीत सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे मूग गिळून बसले. गल्लीचं नाव टीव्हीवर येणार होतं.

भिंगरीला काय सांगितलं? तिला सांगितलं की ही फिल्म म्हणजे नाटकासारखं असतं. तिने फिल्म पाहिली, आबांच्या खोलीत आली आणि त्यांच्या पोटात बोट खुपसून पाहिलं. मग म्हणाली, “आबा, तुम्ही नाटकात काम घेतलंत आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत.” आबांनी कपाला टिचकी मारली आणि ती गाऊ लागली.

पहिल्या फेरीचं गाणं इथल्याच स्टुडिओत टिपून पाठवलं होतं; त्यावर ती शेवटच्या आठांत आली. मतं धो धो पडली होती. आता महाअंतिम फेरीसाठी परक्या देशात जायचं, तर अडचण उभी राहिली. आबांशिवाय पोर गाईना. कप दुसऱ्या कुणी वाजवला की तिला तो पटेना. टिचकी मारायची ती आबांनी, निदान तालमीत, मग प्रत्यक्ष रंगमंचावर तिची ती मारेल. म्हणून मेलेल्या आजोबांचं विमानाचं तिकीट काढावं लागलं. गळ्यात घालायला सगळ्यांना बिल्ले मिळाले. आईच्या बिल्ल्यावर ‘आई’, बापाच्या बिल्ल्यावर ‘वडील’, मास्तरांच्या ‘प्रशिक्षक’. आबांच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, ‘इतर’.

आबांनी त्या आठवड्यात पाहिलं ते असं. आठ पोरं होती आणि त्यांच्यामागे चारशे माणसं. पोरांना सकाळी गाणं दीड तास आणि रडणं दोन तास शिकवत. रडणं म्हणजे उघड रडणं नव्हे. ओठ कधी चावायचा, वर दिव्यांकडे कधी पाहायचं, आईला मिठी किती वेळ मारायची. घर वाहून गेलेला मुलगा जेवणाच्या टेबलावर भिंगरीला म्हणाला की त्याचं नवीन घर जुन्यापेक्षा मोठं आहे पण ते सांगायची परवानगी नाही. नऊ किलोमीटरवालीला बस मिळाली होती दोन वर्षांपूर्वीच. चारशे मोठी माणसं मिळून आठ पोरांचा खरेपणा घासूनपुसून काढत होती, आणि वर याला जगाचा सूर म्हणत होती. आबांना शिसारी आली. पण शिसारी येणाऱ्यांतला एक ‘इतर’ म्हणून तेही रोज तीन वेळा फुकट जेवत होते, हेही ते विसरले नाहीत.

गाण्याच्या बाजूला मात्र एक शहाणा माणूस निघाला. वाद्यवृंद बसवणारे गृहस्थ. भिंगरीचं गाणं सुरुवातीला वाद्यांशिवाय होतं: आधी टिचकी, मग दोन ओळी तिने एकटीने म्हणायच्या आणि तिसऱ्या ओळीला चाळीस वाद्यं एकदम यायची. तेव्हा सूर कपाचाच असायला हवा. त्यांनी कप सूर मोजायच्या यंत्रापुढे वाजवायला सांगितला, आकडा पाहिला आणि सगळा वाद्यवृंद त्या कपाच्या सुरात लावून घेतला. आबांकडे पाहून त्यांनी मान डोलावली. आबांना त्या आठवड्यात तेवढ्या एका माणसाला नमस्कार करावासा वाटला.

अंतिम फेरीच्या संध्याकाळी आबांची जागा ठरलेली होती. इमारतीच्या मागच्या बाजूला गाड्या उभ्या करायच्या आवारात एक पांढरी व्हॅन, तिला पडदे, आत एक छोटा टीव्ही. समोर प्रेक्षकांत बसवायचं तर कॅमेरा फिरता फिरता मेलेल्या माणसावर जायचा. गारठा होता. सकाळीच भिंगरीने तीनदा बजावलं होतं की आबा, स्वेटर घाला, आणि आबांनी तीनदा हो म्हणून स्वेटर पिशवीतच ठेवला होता. आयुष्यभर भट्टीशेजारी काम केलेल्या माणसाला थंडी वाजते हे कबूल करणं त्यांना जमत नसे.

कार्यक्रम सुरू होऊन तासभर झाला असेल. व्हॅनच्या दारावर थाप पडली. सजावट खात्यातला, आपली भाषा बोलणारा एक हसतमुख माणूस उभा होता. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू आबांच्या हातात दिली. तुमची अमानत, तो म्हणाला, नीट सांभाळली बघा.

आत कप होता. पिवळट कान, निळी रेघ.

आबांनी विचारलं की मग रंगमंचावर काय आहे. तो माणूस अभिमानाने सांगू लागला. हा कप कॅमेऱ्यात दिसत नव्हता हो, एवढ्या मोठ्या रंगमंचावर बटणासारखा वाटत होता. म्हणून आम्ही तस्साच दुसरा बनवून घेतला. दीडपट मोठा, जाडजूड, फुटायची भीती नाही, रेघ जरा गडद आणि काठाला थोडं सोनेरी. मखमलीवर ठेवलाय, खालून दिवा सोडलाय. बघाच तुम्ही.

“वाजवून पाहिला का?” आबांनी विचारलं.

माणसाला प्रश्नच कळला नाही. “कप?” तो म्हणाला.

चारशे माणसं, आणि त्यांतल्या सजावटवाल्यांना कान नव्हते, वाद्यवाल्यांना डोळे नव्हते. नाकापेक्षा मोती जड करून ठेवला आणि नाक गेलं तरी कुणाला पत्ता नाही. जाड कप म्हणजे बसका आवाज, वर सोनेरी लेप, खाली मखमल. वाजणार कसा, हे आबांना न वाजवताच ऐकू आलं. पोर त्यावरून सूर उचलणार, दोन ओळी एकटी गाणार आणि तिसऱ्या ओळीला चाळीस वाद्यं दुसऱ्याच सुरात तिच्या अंगावर येणार. सगळ्या जगासमोर. कप छातीशी धरून आबा व्हॅनमधून उतरले आणि गुडघ्यांना न विचारता धावले.

मागच्या दारावर पहारेकरी होता. त्याने बिल्ला पाहिला. ‘इतर’ला लाल पट्टीच्या पुढे जाता येत नव्हतं. आबांनी खुणांनी समजावलं, कप दाखवला, टिचकी मारून दाखवली. पहारेकऱ्याने छान वाजतो म्हणून अंगठा वर केला आणि दुसरा हात आडवाच ठेवला. लेकीला फोन लावावा तर प्रेक्षकांचे फोन आधीच काढून घेतले होते. शेवटी पहारेकऱ्याच्या वॉकीटॉकीवरून दुःखवालीला बोलावणं गेलं. ती धापा टाकत आली ती आबांना बघून पांढरीफटक पडली.

“आबा, तुम्ही इथे उभे राहू नका,” ती म्हणाली. “पत्रकार फिरतायत.”

“कप बदललाय. पोरीचा सूर चुकेल. हा आत नेऊन ठेव.”

“आता मखमलीला कुणाला हात लावू देणार नाहीत. आणि एवढ्याशा फरकाने काय होतंय हो? लोक डोळ्यांनी ऐकतात.” तिने आबांच्या दंडाला धरून त्यांना वळवलं. वागायला ती वाईट नव्हती; वाटेत दोनदा म्हणाली, जपून, पायरी आहे. पालथ्या घड्यावर पाणी ओतून आबा पुन्हा व्हॅनमध्ये येऊन बसले. कप मांडीवर होता आणि पडद्यावर आईस्क्रीम नसलेले ते स्वतः दूर कुठेतरी पाहत होते.

फिल्म संपली. रंगमंचावर भिंगरी उभी होती, परीसारख्या फ्रॉकमध्ये, आणि बाजूच्या मखमलीवर तो थोराड सोनेरी कप. सूत्रसंचालक तिच्याजवळ गुडघा टेकून बसला. हा माणूस दर गाण्याआधी गुडघा टेके. त्याच्या विजारीला त्या जागी आतून गादी होती हे आबांनी तालमीत पाहिलं होतं. तो दाटल्या आवाजात काहीतरी म्हणाला आणि खाली भाषांतराची ओळ उमटली. तुझे आजोबा आज तुला पाहत आहेत. त्यांना काय सांगशील?

आबांचा हात कपावर आवळला गेला. पोरीच्या तोंडून वदवायचं नाही, एवढी एकच अट होती. समोर प्रेक्षकांत आई बसली होती, तिने डोळे मिटून घेतलेले कॅमेऱ्याने दाखवले. भिंगरीने कानातल्या यंत्रात भाषांतर नीट ऐकून घेतलं. तिने वर दिव्यांकडे पाहिलं नाही, ओठही चावला नाही. सरळ कॅमेऱ्याकडे पाहून ती जराशी चिडून म्हणाली, “आबा, तिथे थंडी आहे. स्वेटर घाला.”

पहिल्या रांगेतल्या एका बाईने हुंदका दिला. मग सगळं सभागृह कोसळलं. परीक्षकांतल्या एकीने चष्मा काढला, सूत्रसंचालक गादीवर टेकलेल्या गुडघ्यावरून उठेचना, आणि कॅमेरा रडणाऱ्या तोंडांवरून मधमाशीसारखा फिरू लागला. हजार माणसं स्वर्गातल्या थंडीसाठी रडत होती. व्हॅनमध्ये आबांनी पिशवीतून स्वेटर काढला आणि मुकाट्याने अंगात घातला. पोर एक अक्षर खोटं बोलली नव्हती.

मग तिने सोनेरी कपाला टिचकी मारली.

ठप्प.

भिंगरीने कपाकडे पाहिलं. पुन्हा मारली. पुन्हा तसंच. तिने मान वर करून डावीकडे, उजवीकडे पाहिलं, आणि आबांना कळलं की ती त्यांना शोधते आहे. लोकांना वाटलं भावना अनावर झाल्या, टाळ्या पडल्या. टाळ्यांत उरलासुरला सूरही वाहून गेला. पोरीने श्वास घेतला आणि जो हाताला लागला तो सूर धरून गायला सुरुवात केली. दोन ओळी ठीक गेल्या, कारण सोबत कुणीच नव्हतं. तिसऱ्या ओळीला चाळीस वाद्यं आली आणि एका गाडीला जुंपलेले दोन बैल दोन वाटांना ओढू लागले. वाद्यवृंदाच्या गृहस्थांनी कपाळाला हात लावला, तो अर्धा क्षण पडद्यावर दिसला आणि लगेच कुणीतरी कॅमेरा बदलला. पूर्ण कडवं तसं गेलं. आबांनी डोळे मिटले नाहीत, कानही झाकले नाहीत. बद्द कप त्यांनी कधी न ऐकता फेकला नव्हता. दुसऱ्या कडव्याला पोरीने कसाबसा वाद्यांचा सूर पकडला आणि पुढचं गाणं नीट झालं.

आता परीक्षक काय म्हणतात? पहिल्याने सांगितलं की असा सूर त्याने आयुष्यात ऐकला नव्हता, आणि ते खरंच होतं. चष्मा काढलेली म्हणाली की ती मुलगी आणि तो वाद्यवृंद यांच्यामध्ये जे अंतर होतं ना, तिथेच तिचे आजोबा राहतात. तिसऱ्याने नुसता हात हृदयावर ठेवला आणि दहापैकी दहा दिले. गाढवाला गुळाची चव नसते हे ठाऊक होतं, पण गाढवालाच गुळाचा परीक्षक नेमतात हे आबा पहिल्यांदा पाहत होते. ज्याचं घर वाहून गेलं होतं तो मुलगा सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत सुरात गायला होता. तो चौथा आला. भिंगरी जिंकली.

अर्ध्या तासाने व्हॅनचं दार उघडलं. आधी काचेसारखा लखलखणारा चषक आत आला, मग त्यामागे भिंगरी, मग तिची आई, मग दुःखवाली. जावई पत्रकारांना तोंड द्यायला बाहेर थांबला होता. आईचे डोळे सुजले होते आणि ती हसत होती, तिला एकाच वेळी दोन्ही आवरत नव्हतं. दुःखवाली म्हणत होती की स्वेटरचं वाक्य आधी का नाही सांगितलंत, जगभर गाजतंय. भिंगरी आबांच्या समोरच्या सीटवर बसली आणि चकाकत्या चषकाच्या वरून त्यांच्याकडे बघत राहिली.

“आबा, कसं झालं?” तिने विचारलं.

“सांगा ना बाबा तिला,” आई म्हणाली. “सगळे केवढं कौतुक करतायत. तुमचं ऐकायला थांबलीये मघापासून.”

छान झालं म्हणायला दोन शब्द लागतात. पोर दमली होती, हातात चषक होता, लेक वीस वर्षांत पहिल्यांदा अशी हसत होती. आबांच्या जिभेवर ते दोन शब्द आलेही. एकतीस वर्षांत त्यांनी तडा गेलेला एकही कप चांगल्या पेटीत घातला नव्हता. घातला तो एकच, पलंगाच्या कडेवर बसलेल्या लेकीसाठी, स्वतःच्या मरणाला हो म्हणताना. आज दुसरा घातला तर दुःखवालीची फिल्म खरी ठरणार होती.

“बद्द,” आबा म्हणाले. “पहिलं कडवं सगळं बद्द होतं.”

आईच्या तोंडून ‘बाबा’ एवढंच निघालं. दुःखवालीने मान फिरवली. भिंगरीने इतका लांब श्वास सोडला की त्या फ्रॉकचे पंखसुद्धा खाली बसले.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली, आणि आता तिला खरंच रडू आलं, कुणी न शिकवलेलं, नाक गळणारं. “सगळे छान छान म्हणत होते. मला वाटलं माझे कानच गेले, आबा.”

आबांनी तिला जवळ ओढलं. त्यांच्या स्वेटरला नाक पुसून ती जरा शांत झाली. मग मांडीवरच्या चषकाकडे तिने पाहिलं, डावी तीन बोटं त्याच्या बुडाखाली घातली, कपाला करावा तसा तोलला आणि टिचकी मारली. काचेसारखा दिसत होता, पण होता प्लॅस्टिकचा.

“हाही बद्द,” ती म्हणाली.

बाहेर पावलं वाजली. पत्रकारांना व्हॅन सापडली होती. कुणीतरी काचेवर टकटक केली, पडद्याच्या फटीतून फ्लॅश चमकला. दुःखवाली उडालीच. तिने पडदे ओढून धरले आणि आबांना खाली वाकायला सांगितलं, सीटच्या मागे, लवकर. लेकही घाबरून म्हणाली, बाबा, वाका ना, दिसलात तर काढून घेतील सगळं.

“घेऊ दे,” भिंगरी म्हणाली. “बद्दच आहे.”

आबा एकदा वाकले होते, त्याचं काय झालं ते त्यांनी आत्ताच चाळीस वाद्यांसह ऐकलं होतं. त्यांनी पाठ सरळ केली, स्वेटरची वरची गुंडी लावली आणि लेकीकडे बघून म्हणाले, “मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, बाई.” मग हात लांब करून आपल्या बाजूचा पडदा त्यांनी पार शेवटपर्यंत सरकवला.

बाहेरच्या गर्दीचा कालवा एकदम थांबला. काचेला नाकं लावून माणसं बघत राहिली. आबांनी निळ्या रेघेचा कप तीन बोटांवर तोलला आणि टिचकी मारली, आणि भिंगरीने पहिलं कडवं पुन्हा गायला घेतलं, पहिल्या ओळीपासून.